जवारी लावताना

रात्रीचे साडेअकरा. डिडकॉटबाहेरच्या या टेकडीवर
दिवसा लाल घारी घिरट्या घालतात,
आता फक्त पंपांची घरघर.
विन प्रॉसर पोलादी पेटीवर पालथा हात ठेवतो,
ताप बघावा तसा,
आणि म्हणतो, अजून हवा आहे आत.

आम्हाला हवा तो प्रकाश हवाच पिऊन टाकते,
केसभर अंतरात. थेंब मागे ठेवत नाही.

मंगळवारी मी घाई केली होती.
झडप झटकन उघडली, आणि ॲल्युमिनियमची ती चकती,
कांद्याच्या पापुद्र्याने लाजावं इतकी पातळ,
फाटली. आवाजसुद्धा झाला नाही.
विनने नवी काढली, खिडकीशी धरली,
टोचल्यासारखे उजेडाचे ठिपके मोजले: तीन.
चालेल, म्हणाला.
ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

लेझर सेकंदाला हजार ठोके देतो,
आणि दोन ठोक्यांच्या मध्ये जी शांतता असते
तिच्यापुढे ठोका म्हणजे जवळजवळ काहीच नाही.
सुईच्या टोकातून निऑनची फुंकर.
तिच्यात लाट घुसते, इलेक्ट्रॉन उपटून दूर भिरकावते,
मग लाटच उलटते, तो माघारी येतो,
निघाला तिथेच आदळतो,
आणि वाटेत कमावलेलं सगळं एका ठिणगीत देऊन मोकळा.
बहुतेक येतच नाहीत.
पहिल्या वर्षी मी यात स्वतःला शोधत बसायचे,
मिरज, विमान, परतीचं तिकीट.
विनला बोलून दाखवलं तर म्हणाला,
इलेक्ट्रॉनला व्हिसा लागत नाही.
तो विषय तिथेच संपला.

आमचे अब्बा तंबोऱ्याची जवारी लावतात.
घोडीच्या पाठीवर कानस, फुंकर, पुन्हा कानस,
मग तारेखाली सुताचा धागा सरकवायचा,
तिळाएवढा पुढे, अर्ध्या तिळाएवढा मागे.
तार मुकी असते. मुकीच असते.
आणि एका जागी अचानक उघडते,
न छेडलेला गंधार खोलीभर होतो.
लहानपणी मला वाटायचं, तो भोपळ्यात राहतो.
आता ठाऊक आहे, तो मूळ सुराची पाचवी पट.
पाच. विषम.

दाबाची चावी मी तशीच फिरवते.
एकेचाळीस, पडदा काळा.
बेचाळीस, काळाच.
त्रेचाळीसच्या किंचित अलीकडे फणी उमटते:
सत्तावीस, एकोणतीस, एकतीस, तेहतीस.
सम एकही नाही.
न चुकता समेवर येणारा हा प्राणी
हातावर ठेवतो ते सगळं विषम.

पाचर आत घे, विन म्हणतो, ठोका अजून आखूड कर.
काच मिलिमीटरभर सरकते, आणि फणीचे दात
एकमेकांत पाघळू लागतात,
मोजायला सूर उरत नाहीत, नुसती मींड,
डावीकडून उजवीकडे अखंड पट्टा,
सगळ्या लाटा एका पावलावर.
विन चष्मा पुसतो. मी वहीत वेळ लिहिते, बारा चाळीस.
हात थरथरल्यामुळे चाळीसचा च वेगळाच आला.

मिरजेत सहा वाजून गेलेले. अब्बा नमाज आटोपून
दुकानाची फळी काढत असणार.
फोनवर विचारतात, रंग कोणता?
रंग नाही अब्बा, दिसत नाही तो.
बरं, म्हणतात, आणि गप्प. मला वाटतं फोन कटला.
मग: तुझ्यामागे ते काय वाजतंय?
पंप आहेत. चार.
तीन जुळलेत, अब्बा म्हणतात.
चौथा उतरलाय. थोडासाच. पण उतरलाय.

मी विनला सांगते.
तो हसत नाही. उठतो, चौथ्या पंपाशी गुडघे टेकतो,
तळवा ठेवतो, डोळे मिटतो.
बराच वेळ.
बेअरिंग, म्हणतो. आणि मग,
तुझ्या वडिलांना विचार,
अजून किती दिवस टिकेल.